देहेडनंतर कोण?

भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा विंचूदंशावरचा लेख 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला तो १९८२ साली. जालना हा स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत आले होते. नागपूरहून एमबीबीएस करून बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावला की संध्याकाळपर्यंत हसतीखेळती असलेली पोरे पहाटेपर्यंत दगावत. बावस्कर रोग्याच्या खाटेशी बसून राहिले आणि काय घडते ते क्रमाने लिहीत गेले. आधी घामाने निथळणारे अंग आणि उलट्या, मग गार पडलेले हातपाय, मग छातीतली घरघर आणि तोंडाला फेस. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वेळेत पोटात गेली तर रोगी वाचतो, हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. शंभरात चाळिसांच्या घरात असलेले मृत्यू एकावर आले. २०२२ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

जालन्याला याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण त्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा नव्हती. जे झाले ते एका माणसाच्या हट्टाने झाले. तसा हट्टी माणूस पन्नास वर्षांत एखादा निपजतो, आणि जिल्ह्याच्या आरोग्याचे प्रश्न त्याची वाट पाहत थांबत नाहीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे रीतसर शिक्षण घेऊन. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे ठेवले. केवळ दवाखान्यात आलेल्या बायका मोजून हा आकडा हाती लागला नसता, कारण त्यांतल्या बहुतेकींची अशी तपासणी त्याआधी कधी झालीच नव्हती. कोणाला मोजायचे आणि कसे मोजायचे, हे शिकावे लागते. ते शिकवण्याची सोय जालन्यात हवी, एवढीच आमची मागणी आहे.

मागणी अवाजवी नाही, कारण लागणारे बरेचसे सामान जिल्ह्यात आलेले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालना होते. दरवर्षी १०० मुले-मुली इथे डॉक्टर व्हायला येणार. बदनापूरजवळ वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल जालन्यात आहे. आणि बियाण्यांचा धंदा तर इथला हाडामांसाचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये 'महिको' काढली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या धंद्यामुळे एलायझा आणि पीसीआर हे शब्द जालन्यातल्या बीएस्सी झालेल्या पोरांना परके राहिलेले नाहीत. कापसाच्या पानात बीटी प्रथिन आहे का, हे पाहायला एलायझा करतात. डेंग्यूच्या रोग्याचे रक्त तपासायलाही एलायझाच करतात. हात तोच, पिपेट तेच. बियाण्याच्या प्रयोगशाळेत डीएनए वेगळा काढणाऱ्या मुलीला आपण जीववैद्यकीय संशोधनाच्या उंबरठ्यावर उभ्या आहोत, हे कोणी सांगितलेले नसते.

संधी नाहीत, असेही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती देते. अलीकडे तिची रक्कम ५० हजार रुपये आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या नामांकित शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करता येते. बारावीत मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्याला 'इन्स्पायर'मधून वर्षाला ८० हजार रुपये मिळतात. पुढे नेट किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची परीक्षा पार केली तर पीएचडीसाठी दरमहा ३७ हजारांची अधिछात्रवृत्ती आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, राष्ट्रीय विषाणू संस्था आणि आयसर आहे, खारघरला कर्करोग संशोधनाचे 'अ‍ॅक्ट्रेक' आहे.

मग अडते कुठे? अकादमींचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. परतूर-मंठ्याच्या महाविद्यालयातल्या मुलाला ही गोष्ट मे महिन्यात पुण्याला शिकणाऱ्या चुलतभावाकडून कळते, तोवर वर्ष गेलेले असते. अर्जासोबत शिफारसपत्र लागते. ते कसे लिहायचे, हे पुष्कळ प्राध्यापकांनाच ठाऊक नसते, कारण त्यांनाही कोणी लिहून दिलेले नसते. आयसीएमआरचे पैसे अहवाल मंजूर झाल्यावर हातात पडतात. तोवरचा खर्च घरून करायचा, आणि ज्याचे घर कपाशीच्या पैशांवर चालते त्याला तेच जमत नाही. नेटची विज्ञानाची प्रश्नपत्रिका इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठीत नाही. राज्यापुरते बोलायचे तर बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांसाठी संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर बसावे लागले. ज्याने प्रयोगशाळेत असायचे तो उपोषणाच्या मांडवात दिसला, तर त्याच्या मागून येणाऱ्याने काय समजायचे?

त्याहून खोल अडचण घरोघरी आहे. मराठवाड्यात हुशार मुलाला नीट हे एकच दार दाखवले जाते. त्यासाठी लातूरला खोली करायची, दोन वर्षे क्लास लावायचा, गुण कमी पडले तर पुन्हा एकदा बसायचे. त्यातूनही जो मागे राहतो तो बीएस्सीला येतो, तो हरल्याच्या मनाने, आणि मग पोलीस भरतीकडे किंवा एमपीएससीकडे वळतो. जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, साथरोगविज्ञान, जैवसांख्यिकी या वाटांनीही माणूस रोगाशी लढतो आणि मानाने पोट भरतो, हे आईबापांना सांगणारे कोणी नाही. हे काम शाळा-महाविद्यालयांनी करायचे आहे आणि ते होत नाही. ही कसूर आम्ही गंभीर मानतो.

नव्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून आमची अपेक्षा फार मोठी यंत्रे आणण्याची नाही. आधी एथिक्स कमिटी नीट चालू राहावी आणि तिच्या बैठका वेळेवर व्हाव्यात. तिच्या मंजुरीशिवाय विद्यार्थ्याला रोग्याची माहितीही गोळा करता येत नाही, आणि दोन महिन्यांच्या प्रकल्पातला एक महिना सहीची वाट पाहण्यात गेला तर उरले काय! दुसरे काम अपघात विभागातल्या नोंदवहीचे. विंचू किंवा साप चावलेला रोगी आला की दंश किती वाजता झाला, दवाखान्यात किती वाजता पोहोचला, हातपाय गार होते का, पहिले औषध किती वाजता दिले, हे चार रकाने दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एक पावसाळाभर रोज भरावेत. संख्याशास्त्र शिकलेल्या शिक्षकाने ते त्याच्यासोबत बसून पाहावेत. बावस्करांनी याच शिस्तीने काम केले. महाडच्या त्यांच्या छोट्या रुग्णालयात ७० रुग्णांवर त्यांनी प्रतिविषाची चाचणी घेतली आणि ती २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत बरे झाले, प्रतिविषाची जोड दिल्यावर ३५ पैकी ३२. आपल्या आधीच्या शोधावर न थांबता तो पुन्हा तपासून पुढे कसा न्यायचा, याचा याहून चांगला धडा विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही, आणि तो आपल्याच जिल्ह्याच्या माणसाचा आहे.

या कामात जालन्याच्या मुलांचा हात वरचढ आहे, हेही सांगितले पाहिजे. संमतिपत्र रोग्याला कळेल अशा भाषेत असावे लागते. घनसावंगीच्या ऊसतोड कामगार बाईला पिशवी काढण्याचे ऑपरेशन कधी, कोणाच्या सांगण्यावरून झाले, हे तिच्या बोलीत, तिला अवघडल्यासारखे न वाटता विचारणे दिल्ली-बंगळूरहून आलेल्या संशोधकाला जमत नाही. तिच्या शेजारच्या गावातून आलेली विद्यार्थिनी ते विचारू शकते. फवारणीनंतर होणारी विषबाधा, लोखंडाच्या भट्ट्यांवर उन्हाळ्यात काम करणाऱ्या मजुरांचे आजार, सर्पदंश हे सगळे प्रश्न इथे दाराशी आहेत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. ते निम्म्यावर आले की नाही, हे तालुक्या-तालुक्यांत मोजणारी माणसे लागतील.

केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने पालघर जिल्ह्यात डहाणूला ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र उभे केले आहे. तसे केंद्र जालन्याला मिळावे म्हणून लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा करावा. मात्र त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी स्वतंत्र तरतूद असते. तिच्यातून दरवर्षी २० मुला-मुलींना उन्हाळ्यात दोन महिने पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत राहण्या-जेवण्याचे महिना १५ हजार आगाऊ द्यावेत. हिशेब ६ लाखांचा आहे. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत पालकमंत्र्यांनी हा विषय घ्यावा, आणि यादी करताना पहिले नाव भोकरदन, मंठा, जाफराबाद इथल्या महाविद्यालयांतून मागवावे.