घण मारणारीचंही नाव लिहा

पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यातल्या 18 पारंपरिक व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं. योजना चांगलीच आहे. पण भट्टीवरची दोन माणसं तिच्यात बसत नाहीत: घण मारणारी बाई आणि नव्यानं शिकायला आलेला पोरगा.

माझं पारोळ्यात गॅरेज आहे. धुळे-जळगाव रस्त्यावर ट्रकचे तुटलेले कमानपाटे ढिगानं मिळतात. त्या पाट्यांपासून सुरी आणि कुऱ्हाड घडवायला मी पिढीजात लोहारकाम करणाऱ्या एका घिसाडी कुटुंबाकडे शिकतो आहे. हल्ली पोरं मोबाइलवर टॉमाहॉक घडवतानाचे व्हिडिओ बघतात. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ही हलकी कुऱ्हाड. युरोपी व्यापाऱ्यांकडून लोखंड मिळू लागल्यावर तिला लोखंडी पातं आलं. त्या पोरांना मी सांगतो, शिरपूर-चोपड्याच्या बाजारात सातपुड्यातून उतरणाऱ्या पावरा आदिवासी माणसाच्या खांद्यावरची कुऱ्हाड आधी हातात घेऊन बघा. दांड्याचं भोक, पात्याचा उतार, वजनाचा तोल, सगळं तिच्यात आहे.

व्हिडिओत न कळणारी गोष्ट म्हणजे मला शिकवणाऱ्या नवरा-बायकोचं, दादा-ताईंचं, जोडीनं चालणारं काम. दादा सांडशीत लाल पट्टी धरून लहान हातोडीनं जिथे टिचकी मारतात, तिथेच ताईंचा घण पडतो. पट्टी पालटली की घावाची जागा पालटते. हातोडी ऐरणीवर आडवी टेकली की घण वरच थांबतो. मधे शब्द नाही. दादांच्या हाताइतकंच ताईंच्या नजरेतही कसब आहे. तरीही योजनेत एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद होते, आणि नवरा-बायको मिळून एकच कुटुंब धरलं जातं. म्हणजे एकाच ऐरणीवरच्या दोन कारागिरांपैकी एक कागदावर नाहीच.

शिकणाऱ्याची अडचण वेगळी आहे. नोंदणीसाठी माणूस आधीपासून त्या धंद्यात हवा. शेतकऱ्याच्या किंवा गॅरेजवाल्याच्या पोराला तिथे दार नाही. आणि हे काम पुस्तकानं येत नाही. बांधकामाची सळई कितीही ठोकली तरी तिला नीट पाणी चढत नाही, कारण तिच्यात कार्बन कमी. कमानपाट्यात तो साधारण 0.6 टक्के असतो, म्हणून पातं कडक होतं. 770 अंशांच्या आसपास लोखंडाला लोहचुंबक चिकटेनासं होतं. तिथून आणखी थोडं तापवून पातं तेलात बुडवायचं. पाण्यात घातलं तर तडकण्याची भीती. तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. घासून उजळवून मंद आचेवर धरलं की त्यावर पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढतात. सुरीला पिवळ्यावर थांबायचं; कुऱ्हाडीला घाव सोसायचे असतात, म्हणून जांभळ्या-निळ्यापर्यंत जायचं. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते. तो क्षण दादा ओळखतात, आणि तो दाखवायला माणूस शेजारीच लागतो.

आणि या कामाची गरज संपलेली नाही. ऊसतोडीला निघण्याआधी चाळीसगाव, साक्रीकडची माणसं कोयते पाजवून घेतात. केळीच्या बागेत विळ्याशिवाय चालत नाही. तयार माल बाजारात मिळतो, पण बोथट झालेलं पातं पुन्हा उभं करणारा हात गावात हवाच. पालावर राहणाऱ्या या कुटुंबांची मुलं शाळेत जाऊन दुसरं काम धरत असतील तर तो त्यांचा हक्क आहे. मग हे कसब एका जातीच्या गळ्यात कायमचं अडकवून का ठेवायचं? ज्याला शिकायचं आहे त्याला शिकू द्या.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची आहे. घण मारणाऱ्या बाईची कारागीर म्हणून स्वतंत्र नोंद करा. कोणत्याही जातीचा नवखा शिकायला आला, तर त्याला विद्यावेतन आणि शिकवणाऱ्या दोघांना मानधन द्या. आणि आयटीआयनं वर्षातले काही आठवडे आपली भट्टी या कारागिरांच्या हाती सोपवावी. त्यांना विद्यार्थी म्हणून बोलावण्यापेक्षा शिक्षक म्हणून बोलावलं, तरच ही विद्या खानदेशात टिकेल.