एका ‘अलाती’वर उभारलेले महाकाव्य

ट्रॉयच्या लोकांनी स्वतःच्या भाषेत रचलेले ‘इलियड’ सापडले आहे, असा दावा समाजमाध्यमांवर अधूनमधून डोके वर काढतो. त्यामागे मजकूर किती? एक ओळ. आणि त्या ओळीचाही सारा भार एका शब्दावर.

‘अह्हा-ता-ता अलाती अविएन्ता विलुसाती.’ भाषा लुवियन, लिपी क्यूनिफॉर्म, सापडली ती हित्ती राजधानी हत्तुसा येथे. अह्हा म्हणजे ‘जेव्हा’, अविएन्ता म्हणजे ‘ते आले’, विलुसाती म्हणजे ‘विलुसाहून’. विलुसा हेच ट्रॉय, हे आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. ग्रीक ‘इलिओस’ मूळचे ‘विलिओस’. उरतो तो ‘अलाती’.

१९८६ साली कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी त्याचा अर्थ ‘उत्तुंग, उभ्या चढणीचा’ असा लावला. होमरही इलिओसला याच अर्थाचे विशेषण देतो. म्हणून ही एखाद्या लुवियन ट्रॉयकाव्याची सुरुवात असावी, असे त्यांनी सुचवले. सुचवले, सिद्ध केले नव्हे. भाषाशास्त्रातील एवढ्या मोठ्या अधिकारी पुरुषाची शक्यता पुढच्यांनी खुशाल ‘शोध’ करून टाकली.

व्याकरण येथे साक्ष देत नाही. ‘हून’ या अर्थाचा ‘-आती’ प्रत्यय दोन्ही शब्दांना आहे. संस्कृतात ‘उन्नतात् नगरात्’ म्हणताना विशेषणही पंचमी घेते, तसे हे असू शकेल. पण ‘समुद्रात्, नगरात्’ अशी दोन नामेही तशीच शेजारी उभी राहतात. आणि काही अभ्यासक ‘अलाती’चा अर्थ ‘समुद्राकडून’ असाच घेतात. तो स्वीकारला की होमरचे विशेषण विरून जाते.

या ओळीचा संदर्भ तर सहसा सांगितलाच जात नाही. इस्तानुवा या गावच्या देवांच्या पूजाविधीची ही संहिता. सुवासुना देवाच्या नावे पेयपान झाले की हे गीत गावे, एवढे सांगून लेखनिक थांबतो. कीर्तनकाराच्या वहीत अभंगाचा पहिला चरणच टिपलेला असावा, तसे. कोण आले, कशासाठी आले, युद्ध झाले की नाही, यांपैकी काहीही त्यात नाही.

मग १९९५ साली ट्रॉयमध्ये सापडलेली, लुवियन चित्रलिपीतील काशाची मुद्रा पुढे केली जाते. ती एका लेखनिकाची आहे, तळहातावर मावेल एवढी. अशी मुद्रा कमरेला बांधून कोणीही परगावाहून येऊ शकतो. तिच्यावरून नगराची बोली ठरत नाही, मग महाकाव्य तर दूरच.