किती तास लागले, हे विचारू नका

गेल्या वर्षी पुण्यात एका छोट्या प्रदर्शनात माझं एक काम लागलं होतं. काळ्या कागदाच्या एका अखंड तावातून कापलेली चाळ. तीन मजले, लाकडी कठडे, दोरीवरचे कपडे, दारादारांत आकाशकंदील, आणि मागून सोडलेला पिवळा उजेड. चार दिवस मी त्याच्या शेजारी उभी होते. माणसं यायची, नाक कागदाला टेकेल इतकी जवळ जायची आणि माझ्याकडे वळून विचारायची, "किती तास लागले?"

मी सांगायचे, "दीडशेच्या आसपास."

"बाप रे! केवढा पेशन्स!" मग एक फोटो, आणि पुढची भिंत.

त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरचं एक दार मी कापलंच नव्हतं. तिथे उजेड नाही, कंदील नाही, नुसता काळा कागद. ते दार तसं का, हे चार दिवसांत एकानेही विचारलं नाही.

माझं भांडण त्या तासांच्या प्रश्नाशी आहे. विचारणारी माणसं वाईट नसतात, कौतुकानेच विचारतात. पण हे कौतुक ऐकायला गोड असलं तरी कामाकडे पाहणं तिथेच थांबवतं. 'पेशन्स' म्हटलं की आपण दाद दिली असं वाटतं आणि काम काय म्हणतंय हे बघायची जबाबदारी संपते. कवीला कोणी विचारतं का, की ही कविता टाइप करायला किती मिनिटं लागली?

याची सवय शाळेतच लागते. चित्रकलेच्या तासाला कागदावर जे व्हायचं ती कला, आणि कार्यानुभवाच्या तासाला कागदाचं जे व्हायचं ते नुसतं कार्यानुभव. घोटीव कागद, बोथट कात्री, डिंकाने चिकट झालेली बोटं. बाईंचा शेरा ठरलेला : 'नीटनेटके काम'. कागदाच्या कामात डोकं लागतं असं आपल्याला कोणी शिकवलंच नाही. त्यात फक्त हात आणि चिकाटी लागते, हे मात्र पक्कं शिकवलं.

ठीक आहे, चिकाटीच मोजू. माझी आई दिवाळीच्या आधी दोन महिने घरी कंदिलाचं काम करायची. व्यापारी कागद आणि कामट्या आणून टाकायचा, डझनावर पैसे द्यायचा. करंज्या दुमडायच्या, खळ लावायची, झिरमिळ्या कापायच्या. रात्री आम्ही झोपायचो तेव्हा ती बसलेली असायची, सकाळी उठायचो तेव्हाही बसलेलीच. संयम हाच कागदकलेचा निकष असेल तर माझ्या आईएवढी मोठी कलावंत मी पाहिलेली नाही. पण तिला कोणी "बाप रे, केवढा पेशन्स!" म्हणाल्याचं मला आठवत नाही. एका करंजीची घडी किंचित चुकली तरी व्यापारी पैसे मात्र कापायचा.

म्हणजे आपण तासांना मान देतो हेही खरं नाही. पांढऱ्या भिंतीवर, नीट प्रकाशात, फ्रेममध्ये ठेवलेल्या तासांनाच देतो. तेच तास गल्लीतल्या खोलीत गेले तर ती मजुरी, आणि तीही घासाघीस करून दिलेली.

आता डोक्याचं बोलू. जपानचे अकिरा योशिझावा (१९११–२००५) तरुणपणी कारखान्यात कामाला होते. नव्या कामगारांना भूमिती समजावण्यासाठी ते कागदाच्या घड्या वापरायचे. पुढे नोकरी सोडून, गरिबीत दिवस काढत त्यांनी ओरिगामीच धरली. कागद किंचित ओला करून दुमडायचा, म्हणजे कडक कोपऱ्यांऐवजी त्याला मऊ गोलाई येते, ही त्यांची पद्धत. घडी कागदावर लिहिता यावी म्हणून तुटक रेषा आणि बाणांची जी खूणलिपी आज जगभर वापरतात, तिचा पाया त्यांच्या १९५४ च्या पुस्तकात आहे. संगीताला नोटेशन मिळावं तसं हे झालं. हा नुसता संयम आहे?

अमेरिकेचे रॉबर्ट लँग भौतिकशास्त्रज्ञ. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत त्यांनी काम केलं, आणि २००१ साली नोकरी सोडून पूर्णवेळ ओरिगामी सुरू केली. एका चौकोनी कागदातून, न कापता, सहा पायांचा किडा काढायचा तर प्रत्येक पायासाठी कागदाची किती जागा राखायची, हा गणिताचा प्रश्न आहे. लँगनी त्यासाठी 'ट्रीमेकर' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. घडी घालण्याआधीच रेषांचा पूर्ण नकाशा तयार असतो. कल्पना त्या नकाशात असते.

डोकं नाकारल्यावर काय होतं, तेही याच गोष्टीत दिसतं. चित्रकार सारा मॉरिस यांनी असे घड्यांचे नकाशे घेऊन, त्यांत रंग भरून मोठी चित्रं केली. नकाशे आमचे आहेत, आमची परवानगी घेतली नाही, अशी तक्रार करत लँग आणि आणखी पाच ओरिगामी कलावंत २०११ साली अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. २०१३ मध्ये तडजोड झाली. कायद्याच्या बारकाव्यांत मी शिरत नाही. पण मला यात एक जुनी समजूत दिसते : घडी म्हणजे कोणाचीच नसलेली, आजीच्या गोधडीसारखी परंपरेने आलेली गोष्ट. ती 'केलेली' असते, 'सुचलेली' नसते. हातांच्या कामाला कर्ता नसतो, असं धरून चालणं फार सोपं असतं. माझ्या आईच्या कंदिलावर तिचं नाव नव्हतंच ना!

आता असे कलावंत बघा, ज्यांच्यासमोर तासांचा प्रश्न विचारायला जीभ उचलणार नाही. कारा वॉकर यांनी १९९४ साली न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये काळ्या कागदाच्या माणसाएवढ्या आकृत्या पांढऱ्या भिंतीवर चिकटवल्या. कागदी छायाकृती म्हणजे एकेकाळी बैठकीच्या खोलीतला सभ्य विरंगुळा. तेच माध्यम घेऊन त्यांनी गुलामगिरीतली हिंसा आणि वासना मांडली. कापायला किती वेळ लागला याने तिथे काय फरक पडतो? त्या काळ्या आकृत्यांमध्ये नेमकं काय चाललंय हे डोळ्यांना कळायला लागतं तो क्षण महत्त्वाचा.

किंवा आपले सोमनाथ होर. बंगालचा १९४३ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. १९७१ पासून त्यांनी 'वूंड्स' ही मालिका केली. माती किंवा मेणाच्या पाटीवर चाकूने, जाळून जखमा करायच्या, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यावर कागदाचा लगदा दाबायचा. हाती येतो पांढऱ्यावर पांढरा कागद, त्वचेसारखा उसवलेला. त्यात नाजूक जाळी नाही, नक्षी नाही. लांबून पाहिलं तर कोरा कागद वाटेल. रीलवर अर्ध्या सेकंदात अंगठा पुढे सरकेल. पण समोर थांबलात तर तो कागद दुखतो.

नाजूक काम वाईट असतं, असं मी म्हणत नाही. मुरूड-जंजिऱ्याला राहून काम करणाऱ्या निभा सिकंदर रंगीत कागदाचे बारीक तुकडे थरावर थर रचून पक्षी आणि पतंग, म्हणजे दिव्यावर झेपावणारे किडे, घडवतात. काही कामांत त्या पूर्ण पक्ष्याशेजारी त्याचेच सुटे थर मांडतात. बघणाऱ्याला कळतं की हा पिसारा म्हणजे निरीक्षणाचे इतके सारे निर्णय आहेत. तिथे बारकावा लागतोच, कारण पक्षी तसाच आहे. बारकावा कशासाठी, याचं उत्तर कामात असेल तर तो हवाच. नसेल तर तो सर्कशीतला दोरीवरचा चालणारा. टाळ्या पडतात, घरी जाताना काही उरत नाही.

आणि आम्ही कागदवाले यात धुतल्या तांदळाचे नाही. तासांची जाहिरात आम्हीच करतो. टाइमलॅप्स, खाली '१५० तास', वर नाण्याशेजारी ठेवलेली कागदी चिमणी. मीही केलंय, आणि लाइक्स त्यालाच जास्त मिळतात. पण तासांवर विकायला बसलं की एक दिवस लेझर कटर दुकानासमोर उभा राहतो. तोच नक्षीचा ताव तो काही मिनिटांत कापून देतो, न थकता. एका ग्राहकाने मला तोंडावर सांगितलं, "मशीनवर स्वस्तात होतं की!" राग आला, पण त्याचं काय चुकलं? मी तास विकत होते, त्याला स्वस्त तास मिळाले. कुठलं दार कापायचं नाही, हे मशीन ठरवत नाही. पण ते मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

कोणी म्हणेल, मग मेहनतीला किंमत नाही का? आहे, पुरेपूर आहे. पण ती बिलात लावा. माझ्या तासांचे पैसे द्या, कंदील दुमडणाऱ्या बाईच्या तासांचे माझ्यासारखेच द्या, डझनावर तिला नाडू नका. कष्टाची भरपाई पैशाने होते, 'बाप रे'ने नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आई आली होती. चष्मा पुसून तिने चाळ नीट पाहिली, मजला मजला मोजत. मग न कापलेल्या दारावर बोट ठेवायला गेली आणि काचेशी थांबली.

"ही आपली खोली."

त्या वर्षी बाबांचं काम सुटलं होतं. आईने घरात शेकडो कंदील बांधले आणि आमच्या दारात एकही लावला नाही, कारण विकायच्यातला एक कमी करणं परवडत नव्हतं. दीडशे तासांतलं माझं खरं काम तेवढंच होतं : तिथे ब्लेड न लावणं. ज्या बाईने आयुष्यभर तास मोजले, तिने माझे तास विचारले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कागदाचं काम समोर आलं, भिंतीवर किंवा फोनवर, तर तो प्रश्न गिळा. जिथे कापलं नाही तिथे बघा आणि का कापलं नाही ते विचारा. आणि विचारावंसं काहीच वाटलं नाही, तर तेही तोंडावर सांगा. आम्हाला 'पेशन्स'पेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.