कायदा डब्लिनचा, कडी आपल्या हाती

युरोपातील नागरिकांच्या वैयक्तिक माहितीचा पहारा कोण करते, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी डब्लिनमध्ये सापडते. गूगल, मेटा, लिंक्डइन, टिकटॉक यांची युरोपीय मुख्यालये येथे असल्याने, २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरनुसार त्यांच्यावरील प्रमुख देखरेख आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाकडे आहे. आयोगाने मे २०२३ मध्ये मेटाला १२० कोटी, ऑक्टोबर २०२४ मध्ये लिंक्डइनला ३१ कोटी आणि मे २०२५ मध्ये टिकटॉकला ५३ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु त्यांवरून आपल्या ब्राउझरमध्ये दररोज जे घडते त्याला आळा बसला, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

एखादे पान उघडताच, जाहिरात दिसण्यापूर्वी, तिच्या जागेचा लिलाव होतो. आपण काय वाचत आहोत, साधारण कोठे आहोत, कोणते उपकरण वापरत आहोत, ही माहिती त्या क्षणार्धात अनेक कंपन्यांकडे पाठवली जाते. बोली एकच जिंकतो, माहिती मात्र सर्वांना मिळते. आयरिश काउन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार युरोपातील सरासरी व्यक्तीची माहिती अशा रीतीने दिवसातून ३७६ वेळा बाहेर जाते. या पद्धतीविरुद्ध जॉनी रायन यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये तक्रार केली. आयोगाने मे २०१९ मध्ये गूगलची चौकशी सुरू केली. आणि मार्च २०२२ मध्ये दिरंगाईबद्दल आयोगालाच न्यायालयात खेचण्याची वेळ या संस्थेवर आली. कायद्याची चाल ही अशी आहे.

म्हणून ब्राउझरची निवड हा निव्वळ आवडीचा प्रश्न राहत नाही. एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर आपला माग काढणाऱ्या त्रयस्थ कुकीज सफारीने मार्च २०२० मध्ये सरसकट रोखल्या. फायरफॉक्सने जून २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या डब्यात बंद करण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. क्रोमने त्या हटवण्याचे आश्वासन वर्षानुवर्षे पुढे ढकलले आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडून दिला. ज्या कंपनीचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींतून येते, तिच्या ब्राउझरकडून याहून अधिक अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे होते.

विस्तारांच्या बाबतीतही हेच दिसते. जाहिराती व माग काढणारे दुवे रोखणारा यूब्लॉक ओरिजिन हा विस्तार लिलावाची मागणीच बहुतांशी बाहेर जाऊ देत नाही. क्रोमने विस्तारांसाठी मॅनिफेस्ट व्ही-३ ही नवी चौकट आणल्यावर तो तेथे बंद पडला. उरली ती मर्यादित क्षमतेची ‘लाइट’ आवृत्ती. सुरक्षा आणि वेग ही कारणे गूगलने दिली आणि ती सर्वस्वी पोकळ नाहीत. फायरफॉक्समध्ये मात्र मूळ विस्तार पूर्वीप्रमाणेच चालतो.

ती कारणे पोकळ का नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. विस्ताराला आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची मुभा असू शकते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हा लोकप्रिय विस्तार मालकी बदलल्यानंतर संशयास्पद ठरला व फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने तो काढून टाकला. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच कर्मचाऱ्याला फसवून तिच्या विस्ताराची विषारी आवृत्ती प्रसृत करण्यात आली. ती आपोआप अद्ययावत होऊन ग्राहकांच्या संगणकांत पोहोचली. दहा पहारेकरी नेमले म्हणजे घर दसपट सुरक्षित होत नाही, किल्ल्या मात्र दहा जणांकडे जातात.

परदेशस्थ मराठी व्यावसायिकाचा ब्राउझर म्हणजे त्याच्या दोन देशांतील जीवनाची वही असते: व्हिसाची मुदत, आई-वडिलांच्या आजाराची चौकशी, पुण्यातील घराचे कर्ज, अनिवासी खात्यातील शिल्लक. त्यामुळे मोजक्या गोष्टी कटाक्षाने कराव्यात. बँकेच्या व्यवहारांसाठी विस्ताररहित, स्वतंत्र प्रोफाइल ठेवावे. ‘केवळ एचटीटीपीएस’ हा पर्याय सुरू करावा. कार्यालयाच्या लॅपटॉपवरील ब्राउझरमध्ये घरचे पासवर्ड साठवू नयेत, कारण त्या यंत्रावर नियंत्रण मालकाचे असते. कडक संरक्षणामुळे एखादे शासकीय संकेतस्थळ अडलेच, तर तेवढ्यापुरतेच संरक्षण शिथिल करावे.

तरीही ज्याला सेटिंग्ज कळतात त्यालाच खासगीपणा मिळावा, ही व्यवस्था न्याय्य नव्हे. आपल्यापैकी अनेकजण याच कंपन्यांत काम करतात. उत्पादनाच्या बैठकीत ‘मूळ पर्याय सुरक्षित का नाही?’ हा प्रश्न ते विचारू शकतात. आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही आणि त्यासाठी आयरिश नागरिकत्वही लागत नाही. कडी आतून लावावीच. पण पहारेकऱ्याला जाब विचारण्याचा हक्क त्यामुळे संपत नाही.