पाच वर्षांचे आकडे आणि एक रांग

कॉमर्सला आल्यापासून एक गोष्ट मला खटकत आली आहे. पाच वर्षांच्या विक्रीचे आकडे देतात, आपण त्यांवरून 'ट्रेंड'ची रेघ ओढतो आणि सहाव्या वर्षीचा आकडा त्याच रेघेवर येणार असे बिनदिक्कत लिहून मोकळे होतो. का येणार? हे विचारणे म्हणे सायन्सवाल्यांचे काम! मला हे मान्य नाही.

एक रांग पाहा. १, २ पासून सुरुवात करायची. पुढे दर वेळी, न वापरलेल्या संख्यांपैकी, आधीच्या संख्येशी १ हून मोठा मसावि असलेली सर्वांत लहान संख्या घ्यायची: १, २, ४, ६, ३, ९, १२, ८, १०, ५, १५, १८, १४, ७, २१, २४... (कन्नड शाळेत मसाविला म.सा.अ. म्हणतात; त्यामुळे बाकावरच्या कन्नड मित्राला हा नियम सांगायला मिनिटही लागले नाही.) आलेख हृदयाच्या ईसीजीसारखा वरखाली होतो, म्हणून हिचे नाव ईकेजी.

हिच्यात प्रत्येक संख्या येते का? समजा, सम संख्या अनंत वेळा येतात, पण १००० मागेच राहिली. दर सम संख्येनंतर १००० दारात उभीच आहे. तिला डावलायचे तर तिच्याहून लहान संख्या घ्यावी लागणार, आणि तशा आहेत फक्त ९९९. त्या संपल्या की १००० ला घेणे भागच! अशाच युक्तिवादाने पुढे जात लगारिआस, रेन्स व स्लोन यांनी २००२ साली सिद्ध केले की प्रत्येक नैसर्गिक संख्या या रांगेत एकदाच, पण नक्की येते. ही सिद्धता समजायला लागते ती सातवीची मसावि. पैसा-अडका नसलेले आकडेही आपल्याला कळतात, बरे का!

आता ६-३-९, १०-५-१५, १४-७-२१ पाहा. विषम मूळ संख्येच्या आधी तिची दुप्पट, नंतर तिप्पट. आपण तीन उदाहरणांत निकाल दिला असता. त्या मंडळींनी संगणकावर ढीगभर पदे काढूनही तो अंदाजच म्हटला. २००८ साली हॉफमन व पिलिपचुक यांनी सिद्धता दिली, तेव्हा कुठे तो नियम झाला.

माझे म्हणणे इतकेच की स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात रेघ ओढण्याला जे गुण देतात, त्यांतले दोन तरी 'ही रेघ पुढे का टिकावी?' या प्रश्नाला द्यावेत. उत्तर 'सांगता येत नाही' असे असले तरी चालेल, पण ते लिहायची मुभा हवी.

असो. २४ नंतर १६, २०, २२, ११, ३३ येतात. पुढची संख्या वाचकांनी काढावी. ती ४४ नव्हे.