खुलाच्या कागदावर सही करण्याआधी

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एक बाई आपल्या मुलीला घेऊन घरी आल्या. हातात स्टॅम्प पेपर. "भाईजान, सही करायच्या आधी एवढं वाचून सांगा." मजकूर अर्ध्या पानाचा होता. मुलगी स्वखुशीने खुला घेत आहे, मेहर माफ केली आहे, इद्दतचा खर्च नको, आणि दोन मुलांसाठी पुढे काही मागणार नाही. मी मुलीला विचारलं, "तुला खुला हवाय का?" ती म्हणाली, "मला नांदायचंच होतं. त्यांनाच मी नकोय."

मग हा खुला कसला? खुला बायको मागते. नवऱ्याला बायको नको असेल तर त्याला तलाक म्हणतात. तलाकमध्ये मेहर द्यावी लागते, इद्दतचा खर्च द्यावा लागतो. खुलामध्ये सहसा बाईच मेहर सोडते. फरक एवढा सरळ पैशाचा आहे, आणि तो आपल्या पुरुषांना चांगला कळतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातली तीन तलाक रद्द ठरवली. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याला तुरुंगात टाकून बाईचं घर कसं चालणार, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, आजही पडतो. पण आता काही घरांत नवीच चलाखी दिसते. तोंडाने तलाक म्हणायचंच नाही. बायकोला माहेरी सोडायचं, फोन उचलायचा नाही, खर्च बंद करायचा. थकून तीच खुला मागेल. जमातीतली वडीलधारी मंडळीही "मिटवून टाका बेटा" म्हणून कागद पुढे सरकवतात.

सूरह निसामध्ये (आयत १९ आणि २०) साफ सांगितलंय की दिलेलं परत काढून घेण्यासाठी बायकांना कोंडीत धरू नका. ढीगभर दिलं असलं तरी परत घेऊ नका. शरीयतचं नाव घेणाऱ्यांनी ही आयत निकाहनाम्याशेजारी ठेवून वाचावी.

त्या मुलीला मी सांगितलं ते असं. नवरा दोन वर्षं खर्च देत नसेल, क्रूरपणे वागत असेल, तर १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली कोर्टाकडून फारकत मिळते. त्या कायद्याच्या कलम ५ मध्येच म्हटलंय की अशा निकालाने मेहरचा हक्क जात नाही. वेळ लागतो, खरं आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना फुकट वकील देतं. तिथे उत्पन्नाचा दाखलाही आड येत नाही.

पोटगीचं म्हणाल तर, "मुसलमान बाईला इद्दतपुरतंच मिळतं" हे वाक्य अजून चहाच्या टपरीवर ऐकू येतं. दानियल लतीफी खटल्यात २००१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रक्कम इद्दतच्या मुदतीत द्यायची, पण ती पुढच्या आयुष्याला पुरेल अशी. जुलै २०२४ च्या निकालाने तर कलम १२५ चा रस्ताही घटस्फोटित मुस्लिम बाईला खुला असल्याचं स्पष्ट झालं. (आता ते नव्या संहितेत कलम १४४ आहे.) त्यात 'पत्नी' म्हणजे जिला तलाक मिळाला तीही, आणि जिने स्वतः तो घेतला तीही, दुसरं लग्न करेपर्यंत.

मुलांचा खर्च तर आईच्या सहीने माफ होतच नाही. तो तिचा पैसाच नव्हे, मुलांचा आहे.

खरोखर नको असलेल्या नवऱ्यापासून सुटायला खुला घेणाऱ्या बायकाही आहेत, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांना कोणी अडवू नये. पण तो कागद तिच्या मर्जीने लिहिलेला असावा, सासऱ्याने टाइप करून आणलेला नसावा.

मी निकाहनामा मागितला. बाई म्हणाल्या, तो सासरीच राहिलाय. मेहर किती होती हेही मायलेकींना नक्की आठवेना. "काझीसाहेबांच्या रजिस्टरमध्ये असेल," मी म्हटलं, "उद्याच जाऊन नक्कल घ्या." स्टॅम्प पेपर त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला, बिनसहीचा.