शेकडेवारीआडची गळती

रासायनिक गोळ्यांचा कारखाना आणि जिवंत पेशींकडून औषध करवून घेणारा कारखाना यांत एक मूलगामी भेद आहे. अ‍ॅस्पिरिनचा रेणू कोठेही घडविला तरी तो अ‍ॅस्पिरिनचाच रेणू असतो. कर्करोगावर दिली जाणारी प्रतिपिंडे मात्र बहुधा चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून मुळात घेतलेल्या पेशींच्या वंशात वाढविली जातात, आणि या पेशी प्रथिनावर शर्करेच्या लहानलहान साखळ्या चढवितात. एकाच टाकीतून निघालेल्या दोन रेणूंवरील साखळ्या सारख्या असतीलच असे नाही.

या साखळ्या केवळ अलंकार असत्या तर चिंतेचे कारण नव्हते. पण साखळीत फ्यूकोज नावाची शर्करा नसेल तर प्रतिपिंडाची पेशी मारण्याची शक्ती वाढते. एरिथ्रोपोएटिनच्या साखळ्यांच्या टोकांवरील सायॅलिक आम्ल गळाले तर यकृत ते औषध रक्तातून झपाट्याने उचलून घेते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेटक्सिमॅब दिलेल्या ७६ रुग्णांपैकी २५ जणांना तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया आली. त्यांपैकी १७ जणांच्या रक्तात या औषधाविरुद्धची प्रतिपिंडे उपचारापूर्वीच होती, आणि बहुतेकांत त्या प्रतिपिंडांचा रोख औषधावरील एका शर्करेवर होता. त्याच वर्षी पाँपे रोगावरील एक औषध १६० लिटरच्या टाकीऐवजी २,००० लिटरच्या टाकीत केल्यावर त्यावरील शर्करा बदलली, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते निराळेच औषध ठरविले. त्याला २०१० साली वेगळ्या नावाने स्वतंत्र परवाना घ्यावा लागला.

तेव्हा शर्करा मोजली पाहिजे याविषयी वाद नाही. वाद असलाच तर मोजण्यापूर्वी काय घडते याविषयी असावयास हवा, आणि तोच फारसा होत नाही. मोजमाप म्हटले की डोळ्यांपुढे लक्षावधी रुपयांचे मास स्पेक्ट्रोमीटर उभे राहते. वस्तुतः निकालाचे भवितव्य त्याआधी, बोटाच्या पेरापेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या एका नळीत बरेचसे ठरून गेलेले असते.

त्या नळीत प्रथम प्रथिनाच्या घड्या उष्णतेने आणि साबणासारख्या द्रव्याने मोडाव्या लागतात, कारण साखळ्या त्या घड्यांच्या आत दडलेल्या असतात. मग पीएनगेज एफ नावाचे, एका जीवाणूपासून मिळालेले विकर साखळी प्रथिनापासून कापून वेगळी करते. येथे एक पेच आहे. घड्या मोडणारे द्रव्य अधिक झाले तर ते विकरालाही निकामी करते. म्हणून त्याचा जोर कमी करणारे दुसरे, सौम्य द्रव्य घालावे लागते. (वनस्पतींच्या व कीटकांच्या काही साखळ्या तर या विकराला कापताच येत नाहीत.) सुटलेली साखळी यंत्राला सहजी दिसत नाही. त्यासाठी तिच्या टोकाला २-अमिनोबेन्झामाइडसारखी चमकणारी खूण जोडतात. हे काम आम्लयुक्त द्रावणात सुमारे ६५ अंश सेल्सिअसला काही तास चालते. नमुना नीट वाळला नसेल तर खूण अपुरी बसते, आणि उष्णता रेंगाळली तर सायॅलिक आम्ल गळू लागते. शेवटी उरलेला रंग धुऊन काढताना काही साखळ्याही धुऊन जातात. कोणत्या जातात, हे धुण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

खरी मेख पुढेच आहे. निकाल शेकडेवारीत दिला जातो, आणि शेकडेवारीची बेरीज नेहमी शंभरच येते. समजा, तीन प्रकारच्या साखळ्या अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के आहेत आणि तिसऱ्या प्रकारातील निम्म्या धुण्यात गेल्या. उरलेल्या ९० भागांत पहिला प्रकार आता सुमारे ५६ टक्के दिसेल, दुसरा ३३ आणि तिसरा ११. पहिल्या प्रकाराचा एक रेणूही वाढलेला नसताना तो वाढल्याची नोंद अहवालात होईल. रोकडवहीत पैसे कमी भरले की कारकुनाला रात्री घरी जाता येत नाही. या हिशेबात मात्र तूट कधी दिसतच नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणन संस्थेने एकाच प्रतिपिंडाचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना तपासणीसाठी दिले आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ७६ प्रयोगशाळांकडून आलेल्या १०३ अहवालांत, कोणाला त्या प्रतिपिंडावर शर्करेचे ४ प्रकार आढळले, तर कोणाला ४८. सर्व तफावत नमुन्याच्या तयारीतून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल; यंत्रे आणि पद्धतीही निरनिराळ्या होत्या. परंतु ज्या आकड्यावर औषधाची ओळख ठरते, तो किती प्रमाणात मोजणाऱ्यावर अवलंबून आहे, हे यातून स्पष्ट झाले.

भारताला हा प्रश्न इतर अनेक देशांपेक्षा अधिक जवळचा आहे. बायोसिमिलर औषधांसाठी केंद्र सरकारने २०१२ साली मार्गदर्शक तत्त्वे घातली आणि २०१६ साली ती सुधारली. त्यांचा पायाच मूळ औषधाशी तुलना हा आहे. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅबचे अमेरिकेत मान्य झालेले पहिले बायोसिमिलर, २०१७ साली, एका भारतीय कंपनीच्या सहभागाने तयार झाले होते. स्वस्त औषधावर ज्या कुटुंबांची आशा आहे त्यांना अशा तुलनेची सचोटी हवी. मूळ औषधाचा नमुना एका महिन्यात एकाने सिद्ध केला आणि आपला दुसऱ्या महिन्यात दुसऱ्याने, तर ती तुलना औषधांची राहत नाही, हातांची होते. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच रांगेत सिद्ध व्हावेत, आणि शर्करा आधीपासून ज्ञात असलेले एक प्रमाणित प्रतिपिंड प्रत्येक खेपेस त्यांच्यासोबत त्याच वाटेने जावे. असे प्रतिपिंड २०१६ पासून विकत मिळते.

यावर वेळेचा आक्षेप येतो. पूर्वी विकर रात्रभर ३७ अंशांवर ठेवीत. आता बाजारात मिळणारे काही तयार संच तेच काम काही मिनिटांत उरकतात. हा वेग स्वागतार्हच आहे. तथापि एका प्रथिनावर पाच मिनिटे पुरली म्हणून दुसऱ्यावरही पुरतील, हे गृहीत धरता येत नाही. साखळ्या उतरविल्यावर उरलेले प्रथिन सहसा टाकून दिले जाते. त्याचे वस्तुमान पाहिले तर त्यावर शर्करा शिल्लक आहे की नाही हे लगेच कळते. परवाना देणाऱ्यांनी शेकडेवारीच्या तक्त्याबरोबर त्या टाकून दिलेल्या प्रथिनाचाही दाखला मागावयास हवा.